फिदिया की कजा?

रमजानचा चाँद दिसण्याआधीच सातारा-सांगलीकडच्या मुस्लिम घरांत रोज्यांचा हिशेब सुरू होतो. गरोदर सुनेचे काय, आजीची इन्सुलिन आहे तिचे काय, ट्रकवर असलेल्या मुलाला किती रोजे जमतील. एखाद्या घरात या हिशेबात तिशी-पस्तिशीचा तरुणही असतो. काही महिन्यांपूर्वी त्याची उजवी बाजू गेलेली असते आणि बोलणेही अडखळत असते. त्याच्याबद्दल फार चर्चा होत नाही. “त्याचा फिदिया देऊन टाकू,” असे कोणी वडीलधारे म्हणते आणि विषय संपतो.

हेतू चांगलाच असतो. गरिबाच्या घरी महिन्याचे अन्न जाते. पण फिदिया कोणासाठी आहे, हे क्षणभर आठवायला हवे. ज्याचा आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही किंवा जो वार्धक्याने खचला आहे, त्याच्यासाठी फिदियाची सवलत आहे. ज्याला बरे होण्याची उमेद आहे, त्याने आज रोजा सोडावा आणि तब्येत सुधारल्यावर कजा करावी. हनफी मसलकानुसार फिदिया देऊन झाल्यावर माणूस बरा झाला, तर कजा त्याच्यावर येतेच. म्हणजे चौतीस वर्षांच्या मुलाचा फिदिया घाईने काढणारे घर त्याला न विचारता एक निदानही करून टाकते. ते निदान डॉक्टरने केलेले नसते, मौलानांनीही नाही.

पक्षाघात हा म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत अजून पक्की आहे. जगभरातल्या अभ्यासांत पक्षाघाताच्या रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के पन्नाशीच्या आतले आढळतात. रक्तदाब कधी मोजलेलाच नसतो, तंबाखू-मिश्री सुटलेली नसते, लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली असते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरांत गुठळी होऊन पडणाऱ्या मुलीही आपल्या देशात आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, पण जत किंवा पाटणच्या वाडीवरून मिरज-कराड गाठेपर्यंत त्यातले किती तास उरतात? त्यात आधी झाडपाला, मग दवाखाना. शब्दांचाही घोळ आहेच. युनानी वैद्यकात ‘लकवा’ म्हणजे चेहरा वाकडा होणे, आणि अर्धे अंग जाणे म्हणजे ‘फालिज’. आपल्या बोलीत दोन्ही लकवाच, आणि लकव्याचे औषध देणारा प्रत्येक तालुक्यात एकतरी सापडतो.

जीव वाचतो, माणूस घरी येतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो, कारण पुढच्या वर्षा-दोन वर्षांत काय घडते ते कुठेच लिहिलेले नसते. डॉक्टरांच्या कागदावर औषधे असतात. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो. पण अंगठा पहिल्यांदा हलला तो दिवस, पठाणी कुर्त्याचे बटण लावायला लागलेला अर्धा तास, दुपारी चारला अचानक येणारे रडू, हे कोण सांगणार? ते फक्त त्यातून गेलेलाच सांगू शकतो. आणि तो गप्प असतो.

आत्मकथनाची परंपरा या भागाला नवी नाही. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ लिहिले, आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ लिहिले. जातीने आणि भुकेने शरीरावर काय केले, ते या मातीने मराठीला सांगितले. आजाराने काय केले, ते मात्र मराठीत थोड्यांनीच सांगितले. पद्मजा फाटक यांनी ‘हसरी किडनी’ लिहून मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा अनुभव मांडला, तेव्हा तशा रुग्णांच्या घरांना एक सोबती मिळाला. तरुण वयातल्या पक्षाघाताला तसे पुस्तक मिळायचे आहे.

बाहेर ते झाले आहे. अमेरिकेत जिल बोल्ट टेलर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंना १९९६ साली, वयाच्या ३७व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. पूर्ववत व्हायला आठ वर्षे लागली आणि तो सगळा प्रवास त्यांनी पुस्तकात लिहिला. पण इथल्या वाचकाला जवळची वाटेल ती क्रिस्टीन ह्युंग-ओक ली. २००६च्या शेवटच्या दिवशी, ३३व्या वर्षी, तिला पक्षाघात झाला. थोड्या वेळापूर्वीचे आठवेना, म्हणून ती वहीत टिपून ठेवू लागली. पुढे २०१७मध्ये तिचे आत्मकथन आले. आधी वही आली ती गरज म्हणून, पुस्तक नंतर. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ‘आत्मकथन’ म्हटले की आपला माणूस बिचकतो. वही कोणालाही परवडते.

घरातला खरा अडथळा मात्र ‘सब्र’ या शब्दाचा आहे. “सब्र कर, बोलू नकोस, अल्लाहची मर्जी.” हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे उदाहरण दिले जाते. पण कुरआनात अय्यूब गप्प नाहीत. आपल्याला त्रास झाला आहे, हे ते आपल्या रबला बोलून दाखवतात, आणि त्याच कुरआनात त्यांना सब्र करणारा म्हटले आहे. हजरत मूसा तर जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ करतात आणि आपल्यापेक्षा स्पष्ट बोलणारा भाऊ हारून सोबतीला मागतात. इतक्या मोठ्या पैगंबरांना बोलण्याची अडचण सांगायची लाज वाटली नाही. मग कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्याला का वाटावी?

बोलण्याच्या या अडचणीबद्दल घरांत फार गैरसमज आहेत. वाचा गेलेल्या अनेकांना पाठ असलेल्या गोष्टी म्हणता येतात. सूरह फातिहा सरळ येते, एक ते दहा आकडे येतात, आणि समोरचा पाण्याचा ग्लास मागता येत नाही. घरचे म्हणतात, ढोंग करतो. ढोंग नसते ते. पाठांतर आणि स्वतःचे वाक्य जुळवणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. त्यात आपल्या घरांत दोन-दोन भाषा. घरी दखनी, शाळेत मराठी. कोणती आधी परत येईल, यावर १८९५ साली पित्र या फ्रेंच डॉक्टरने लिहिले की सर्वांत सरावाची भाषा आधी येते. त्याआधी रिबो म्हणत होता की लहानपणची. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, तर काहींना डावीकडचे जग दिसूनही जाणवत नाही. अशा माणसाची मराठी ओळीची सुरुवात हरवते, आणि उर्दू ओळीचा शेवट. हे टिपून ठेवायला दोन्ही लिप्या येणारा रुग्णच हवा, आणि तसे रुग्ण मिरजेत, कराडात, साताऱ्यात आहेत.

इफ्तारच्या दस्तरखानावर आणखी एक गोष्ट होते. उजवा हात उचलत नाही म्हणून तो डाव्या हाताने खजूर उचलतो, आणि चार नजरा वळतात. मजबुरी असलेल्याला डाव्या हाताने खाण्याची मुभा आहे, हे नजरा वळवणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरी त्या वळतात. पुढच्या दिवशी तो आतल्या खोलीत इफ्तार करतो. मशिदीत खुर्ची ठेवली जाते, पण खुर्चीवरच्या माणसाशी कोणी बोलत नाही. तरुण रुग्ण पायापेक्षा या एकटेपणाने जास्त खचतो, आणि वहीत सर्वांत आधी हेच यायला हवे.

हात चालत नसेल तर काय? वि. स. खांडेकर सांगलीचे, अखेरच्या वर्षांत दृष्टी गेल्यावर ते मजकूर सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. फ्रान्सचा संपादक बॉबी याचे तर सारे अंग गेले होते. एका डाव्या पापणीच्या उघडझापीने त्याने अक्षर-अक्षर निवडून पुस्तक सांगितले, ते १९९७मध्ये निघाले. (देवनागरीत असा तक्ता करायचा तर मात्रा आणि जोडाक्षरांनी कसोटी लागेल, पण होईल.) इथे तर खिशात मोबाइल आहे. तरावीहनंतर दहा मिनिटे भावाने किंवा बहिणीने समोर बसावे आणि आवाज भरून घ्यावा. या हारूनने एकच पथ्य पाळावे: वाक्य सुधारू नये. शब्द अडला तिथे अडलेला ठेवावा, दखनी आली तर दखनी, चुकीचा शब्द आला तर चुकीचा. सहा महिन्यांनी वाचाउपचार करणाऱ्याला त्या चुकाच उपयोगी पडतील.

पहिल्या पानावर फक्त सुटलेल्या रोज्यांचा आकडा, तारीख आणि पुढे ‘कजा’ एवढेच लिहिले तरी चालेल. कधी करायची, ते डॉक्टर रक्तदाब आणि औषधांच्या वेळा पाहून सांगतील. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतात, तहानही कमी लागते.