धोतरातला स्पायडर-मॅन

धोतर नेसून शिकायला जाणारा पोरगा मुरुमात मला तरी कधी भेटला नाही. आमच्याकडं धोतर आजोबांचं. नातू जीन्स घालून लातूर, सोलापूर, जमलं तर पुणं गाठतो. २००४ साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या कॉमिकचा पवित्र प्रभाकर मात्र धोतरातच भिंती चढतो. शिष्यवृत्तीवर खेड्यातून मुंबईला आलेला, चुलता भीम आणि चुलती माया यांच्याजवळ राहणारा हा मुलगा. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करला दिलेलं हे देशी रूप.

पहिल्या अंकात वर्गातली पोरं त्याला गरिबीवरून, कपड्यांवरून डिवचतात. ते दुखणं खरं आहे. पण कपडे काय, महिन्याभरात बदलतात. आमच्या उमरगा तालुक्यातला पोरगा शहरात ओळखू येतो तो तोंड उघडल्यावर. माझ्या पुतण्यानं पुण्यात कुणाला तरी ‘काय करलालास?’ विचारलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढं कितीतरी दिवस तो वर्गात बोललाच नाही. कॉमिकवाल्यांना धोतर दिसलं, गाव दिसलं नाही. भा. रा. भागवतांनी बनेश फेण्याला पुण्याच्या शाळेत आणलं, तेव्हा त्याचं गाव फुरसुंगीही त्याच्याबरोबर आलं.

दुसरी खोट शक्तीची. १९६२च्या पीटरला कोळी चावतो तो निव्वळ अपघातानं. तो कुणालाही चावला असता, म्हणून वाचणाऱ्या कुठल्याही पोराला वाटतं, मीही चाललो असतो. पवित्रला योगी भेटतो आणि शक्ती बहाल करतो. म्हणजे इथंही वशिला!

एक प्रसंग मात्र मूळ कथेहून सरस उतरलाय. पीटर पळणाऱ्या चोराला अडवत नाही, एवढंच. पवित्र अंगात बळ असताना गुंडांनी घेरलेल्या बाईला सोडून निघून जातो. तिच्यासाठी धावतो तो भीमकाका, अंगात कसलीही शक्ती नसलेला, आणि भोसकला जातो. मी स्वतः चुलता आहे, म्हणूनही असेल, पण या अंकाचा नायक मला भीमकाकाच वाटतो. छेडछाड दिसली की एसटी स्टँडावर आपण सगळे मोबाइलमध्ये तोंड घालतो. तिथं हे पान थेट लागू पडतं.

अंक मिळाला तर पोरांना जरूर द्या. योग्याची पानं त्यांनी गाळली तरी काही बिघडत नाही.