चालण्याला सोबत हवी

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला मधुमेह आणि रक्तदाबाच्या जवळपास प्रत्येक रुग्णाला मिळतो. कुठे, केव्हा आणि कोणाबरोबर चालायचे, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांना नेमके हेच अडते. जालना रोडवर जड वाहनांच्या शेजारून चालणे धोक्याचे. रात्रपाळीनंतर अंगात त्राण नसते. एकट्याने सुरू केलेले चालणे बहुधा दोन आठवड्यांत बंद पडते.

याला केवळ आळस म्हणून चालणार नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ या मापात बसत नव्हते. इतके लोक मागे पडतात तेव्हा दोष माणसांइतकाच सोयींचाही असतो.

यावर एक साधा उपाय म्हणजे जाणकाराबरोबरची निसर्गफेरी. पंधरा-वीस जणांचा गट, झाडे-पक्षी ओळखणारा एक मार्गदर्शक आणि दीड-दोन तासांची संथ चाल. छत्रपती संभाजीनगरात त्यासाठी दूर जावे लागत नाही. दिल्ली गेटजवळ हिमायतबाग आणि सलीम अली सरोवर समोरासमोर आहेत. ज्यांचे नाव या तलावाला दिले आहे, त्या डॉ. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि मराठवाडा त्याच संस्थानात होता.

गटाने चालण्याचा फायदा मोजला गेला आहे. २०१५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने १४ देशांतील ४२ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १,८४३ जणांची माहिती होती. वरचा रक्तदाब सरासरी तीन ते चार अंकांनी उतरला, शरीरातील चरबी घटली, नैराश्य कमी झाले. मधेच सोडून देणारेही थोडेच होते. पैठणहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीला हे वेगळे सांगायला नको. थकलेल्या पावलाला शेजारचे पाऊल ओढून नेते.

हिरवाईचाही वाटा आहे. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ मधील अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. मुळात धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता आहे. तरी या ‘औषधा’चा खर्च आणि धोका पाहता ते घेऊन बघायला हरकत नाही.

मार्गदर्शकामुळे चाल ओझे वाटत नाही. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात, हे कळले की पुढच्या वेळी नजर आपोआप त्याला शोधते. माणूस पक्ष्यासाठी येतो आणि पाय त्याचे काम करून जातात.

पथ्ये थोडी, पण पाळावीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फेरी सकाळी आठच्या आत संपवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मधुमेहींनी बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. छातीत दुखले किंवा धाप लागली तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. पायवाट सोडून गवतात शिरू नये. रात्रपाळी करून, न झोपता येऊ नये.

आता प्रश्न उरतो पुढाकाराचा. शेंद्र्यातील कारखान्यांनी सुटीच्या दिवशी महिन्यातून दोनदा एखादी बस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी सोडावी. महापालिका आणि संबंधित संस्थांनी वेळ, परवानगी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांची सोय करावी. नव्या भूखंडांची आखणी होताना शेंद्र्यातच सावलीची, सुरक्षित पायवाट राखून ठेवावी. बस आणि मार्गदर्शक यांचा खर्च आयुष्यभराच्या गोळ्या आणि पुढे डायलिसिस यांच्यासमोर किरकोळ आहे. डॉक्टरांनीही ‘चाला’ एवढेच न लिहिता पुढच्या फेरीचा वार, वेळ आणि ठिकाण चिठ्ठीवर लिहून द्यावे.