पारितोषिक नव्हे, प्रकाशन

मराठीत कादंबरी-स्पर्धेचा विषय निघाला की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक सोवळी : साहित्य ही शर्यत नव्हे, आणि परीक्षकाच्या गुणांकडे डोळे लावून बसतो तो लेखकच नव्हे. दुसरी उत्सवी : स्पर्धा भरवावी, शाल-श्रीफळ द्यावे, म्हणजे नवोदितांना प्रोत्साहन मिळते. या भूमिका परस्परविरोधी भासल्या, तरी पारितोषिक मिळालेल्या हस्तलिखिताचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन्ही पक्षांना पडत नाही. प्रस्तुत लेखाचा वाद या उदासीनतेशी आहे.

इंग्रजीतील नवा कादंबरीकार अशा स्पर्धेकडे साहित्य-प्रतिनिधीपर्यंत नेणारी वाट म्हणून पाहतो. लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला हा व्यवसाय मराठीत रुजलाच नाही. आपला नवा लेखक बाड काखोटीला मारून प्रकाशकाच्या दारी जातो, आणि बहुधा न वाचलेले बाड घेऊन परततो. अशा भाषेत स्पर्धेची जबाबदारी उलट अधिक आहे; मधल्या माणसाचे काम तिलाच करावे लागते.

हे काम होऊ शकते, याची साक्ष तमिळ देते. १९४६ मध्ये ‘कलैमगळ’ या मद्रासच्या मासिकाच्या कादंबरी-स्पर्धेत ‘पेण्’ या कादंबरीला पारितोषिक मिळाले. लेखक अखिलन त्या वेळी रेल्वे डाकसेवेत नोकरी करीत होते. पुढे ‘चित्तिरप्पावै’साठी १९७५चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे, आणि तमिळला तो मान प्रथम मिळवून देणारे, हेच अखिलन. राजम् कृष्णन् यांच्या वाटचालीतही १९५३च्या ‘कलैमगळ’ पारितोषिकाची नोंद आहे. येथे महत्त्व रकमेचे नाही. स्पर्धा भरवणाऱ्याच्या हाती मासिक होते आणि मासिकाला ठरलेला वाचक होता. म्हणून परीक्षकाच्या पसंतीला वाचकापर्यंत पोहोचण्याचा रस्ता होता.

यावर आक्षेप येईल, की नियतकालिकांच्या स्पर्धा नियतकालिकाच्या साच्यातलेच लेखन निवडतात. आक्षेप निराधार नाही. सुंदर रामस्वामी यांची १९६६ची ‘ओरु पुळियमरत्तिन् कदै’ ही कादंबरी लोकप्रिय मासिकांच्या अभिरुचीबाहेर वाढली. त्याहून जुना दाखला उर्दूचा. वायव्य प्रांताच्या सरकारने जाहीर केलेल्या पारितोषिक-योजनेतून नझीर अहमद यांच्या १८६९च्या ‘मिरात-उल-उरूस’ला एक हजार रुपये मिळाले, सरकारला हवे होते बोधपर, उपयुक्त पुस्तक. पारितोषिक देणारा आपली अभिरुची लेखकावर लादतो, हे खरेच. पण अभिरुची प्रकाशकालाही असते, संपादकालाही असते. तेवढ्यासाठी दार बंद ठेवावे असे ठरत नाही. दारे अनेक असावीत, एवढेच ठरते.

सोवळ्या पक्षाचे लाडके उदाहरण ‘कोसला’चे. १९६३ मध्ये ती स्पर्धेवाचून आली, हे सत्य आहे. परंतु ती आपोआप आली नाही. देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांना लिहिण्यास प्रवृत्त केले आणि आलेले लेखन निष्ठेने छापले. तेथे स्पर्धा नव्हती, कारण वाचणारा प्रकाशक होता. असा प्रकाशक दुर्मीळ झाल्यावर त्याच उदाहरणाच्या आधारे स्पर्धेची टर उडवणे म्हणजे विहीर आटल्यावर नळाला नावे ठेवणे होय.

शासनाचे काय? उत्कृष्ट वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र विभाग आहे. पण तो छापून झालेल्या पुस्तकासाठी. ज्याला प्रकाशक मिळाला, त्याचाच तेथे विचार. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना मात्र हस्तलिखितापासून सुरू होते, आणि म्हणून तिचे मोल मोठे आहे. तथापि अनुदानाने पुस्तक छापले जाते. ते वाचले जाईल, दुकानात दिसेल, त्यावर समीक्षा होईल, याची हमी त्याने मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. स्पर्धा जाहीर करणाऱ्या संस्थेने निवडलेल्या कादंबरीच्या प्रकाशनाचा करार आणि मानधन आधीच जाहीर करावे. प्रवेशशुल्क घेऊ नये. पारितोषिकाच्या आमिषाने हक्क लिहून घेऊ नयेत. परीक्षकांनी अंतिम फेरीतील प्रत्येक हस्तलिखितावर लेखी अभिप्राय द्यावा, कारण नाकारलेल्या लेखकालाही आपले लेखन वाचले गेले, हे कळण्याचा हक्क आहे. हे जमत नसेल, तर स्पर्धा न भरवण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा. चार वर्षे खपून लिहिलेल्या कादंबरीला प्रशस्तिपत्र देऊन घरी पाठवणे, हे प्रोत्साहन नव्हे. तो सभ्य भाषेत दिलेला नकार आहे.