फाइल दुरुस्त झाली, हिशेबाचं काय?

परवा एक मित्र मोठ्या खुशीत सांगत होता, "टेबल क्रॅश झालं होतं, रिपेअर मारला, झालं काम!" मला एकदम मामांचं तासगावचं दुकान आठवलं.

२००७ चा मार्च. मामांचं बेदाण्याचं अडत दुकान, सौद्यांचा ऐन हंगाम, वर भारनियमन. यूपीएसच्या बॅटरीने नेमका तेव्हाच राम म्हटला. वीज आल्यावर लिनक्सचा सर्व्हर उठला, पण पट्ट्यांचं टेबल उघडेना. मायएसक्यूएलची १४५ नंबरची एरर: टेबल मोडलंय, दुरुस्त करा.

मी पुण्याहून आलेला शहाणा भाचा. डेटाबेस बंद केला, टेबलाच्या तिन्ही फाइली कॉपी करून ठेवल्या (एवढी एक अक्कल होती) आणि मायआयसॅमचेक 'आर' पर्यायाने चालवलं. दोन मिनिटांत टेबल उघडलं. वर मामांना म्हणालो, "आता ते कार्बनचं पट्टीबुक बंद करा."

मामा काही बोलले नाहीत. चहा पितापिता पट्टीबुक स्क्रीनशी ताडत बसले. "आरं, अकरा पट्ट्या कमी हायत ह्यात."

स्क्रीन वर सरकवून पाहिली. युटिलिटीने सुरुवातीला रेकॉर्डचा एक आकडा छापला होता, शेवटी दुसरा. तिने लपवलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं.

मग कॉपीवर 'ई' पर्याय लावला. तो सापडेल ती ओळ वाचवायला बघतो आणि कचराही ओळ समजून उचलतो, हे मॅन्युअलमध्येच लिहिलंय. सात पट्ट्या परत आल्या, आणि सोबत एका शेतकऱ्याच्या नावावर काही कोटींचा बेदाणा! मग त्या सात तरी खऱ्या कशावरून? शेवटी अकराच्या अकरा कागदावरून हाताने भरल्या.

माझं म्हणणं एवढंच, की ही युटिलिटी डेटा आणि इंडेक्सचा मेळ घालते. जी ओळ वाचता येत नाही ती सोडून देते. तिच्या लेखी ती तुटकी ओळ, मामांच्या लेखी शेतकऱ्याचे वर्षाचे पैसे. मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी डिफॉल्ट झालं. वीज गेली तर ते स्वतःच्या लॉगवरून सावरतं. तरी जुनी मायआयसॅम टेबलं अजून भेटतात. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा न बघता "झालं काम" म्हणणाऱ्याच्या हातात मी तरी कुणाचा हिशेब देणार नाही.

मामांनी त्याच आठवड्यात बॅटरी बदलली. पट्टीबुकाचा विषय मी परत काढला नाही.