सहानुभूतीवर नंबर लागत नाही

फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक जण अभिमानाने पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचं नाव घेतो. (घ्यावंच. झांझिबारहून आलेला हा पारशी मुलगा तिथे पियानो शिकला.) आणि दुसरा लगेच म्हणतो, "पण क्वीन बँडशिवाय फ्रेडी काय? एकट्याचं एकच गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं, तेही मेल्यावर."

ते गाणं म्हणजे 'लिव्हिंग ऑन माय ओन'. सप्टेंबर १९८५ मध्ये सिंगल म्हणून निघालं आणि ब्रिटनच्या यादीत ५० व्या नंबरावर अडकलं. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेला. ऑगस्ट १९९३ मध्ये 'नो मोअर ब्रदर्स'च्या रिमिक्समधून तेच गाणं दोन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. यावरून निकाल काय, तर लोकांनी दुखवटा विकत घेतला, गाणं नाही.

दुखवटाच होता, तर तो 'द ग्रेट प्रिटेंडर'च्या वाट्याला का आला नाही? १९८७ मध्ये, फ्रेडीच्या हयातीत, ते चौथ्या नंबरापर्यंत गेलेलं. ओळखीचं, लाडकं गाणं. १९९३ च्या सुरुवातीला नव्या मिक्समध्ये पुन्हा काढलं, तर २९ व्यावर थांबलं. गायक तोच, त्याचं मरणही तेच. हळहळीपोटी माणूस एखादी रेकॉर्ड घेईलही, पण उन्हाळाभर तिच्यावर नाचेल?

मग बाजू बदलते: श्रेय रिमिक्सवाल्यांचं! अर्धं मान्य. त्यांनी ताल ठोक बसवला, तेव्हाच्या क्लबांच्या चालीला आणला. पण नाचणाऱ्यांच्या तोंडी काय राहिलं? ती अर्थ नसलेली अक्षरं, जॅझवाले ज्याला स्कॅट म्हणतात आणि आपल्याला तराणा आठवतो. ती १९८५ च्या मूळ गाण्यातच आहेत. आवाज तिथे गिरक्या घेतो, घसरतो, परत वर चढतो, जणू घरात एकटाच असलेला माणूस स्वतःशीच बडबडतोय. रिमिक्सवाल्यांची हुशारी ही की त्यांनी तिथे कात्री लावली नाही.

"रॉक गायकाला डिस्को शोभत नाही" हा आक्षेप तर मनावर घेण्यासारखाही नाही. क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'वर हेच लोक ठेका धरत होते. खरी अडचण वेळेची होती. गाणं म्युनिकमधलं, तिथल्या क्लबांच्या हवेतलं. आणि जुलै १९८५ मध्ये वेम्बलीला लाइव्ह एडची मैफल झालेली. तिथल्या क्वीनच्या वीस मिनिटांनंतर लोकांना हवा होता क्वीनचा फ्रेडी, शेजारी गिटार घेतलेला ब्रायन मे. त्यांच्या हातात हे नाचाचं गाणं पडलं.

राहिला शेवटचा आरोप: शब्द एकटेपणाचे, चाल उडती, म्हणून गाणं फसलं. हे म्हणणाऱ्यांनी व्हिडिओ नीट पाहावा. तो फ्रेडीच्या ३९ व्या वाढदिवसाला म्युनिकच्या एका क्लबात चित्रित केलाय. पाहुण्यांना काळ्या-पांढऱ्या कपड्यांचं बंधन, बरेच पुरुष बायकी वेशात, आणि यजमान शंकरपाळ्यांच्या नक्षीच्या तंग विजारीत. पाय ठेवायला जागा नाही, सगळे त्याच्याभोवती, त्याच्यासाठी जमलेले, आणि हा गातोय एकट्याने जगण्याबद्दल. तिथे संथ, रडवी चाल लावली असती तर ते गाणं खोटं वाटलं असतं. ज्याला दोष म्हणतात, त्यावरच गाणं उभं आहे.

पाचगणीचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी कितींनी मूळ गाणं ऐकलंय, हे मी विचारत नाही. रिमिक्स कुठल्या ना कुठल्या पार्टीत कानावर पडलं असेलच. आता 'मिस्टर बॅड गाय' या अल्बममधलं १९८५ चं लावा, तराण्यापर्यंत थांबा आणि मग भांडायला या.