ठेका संस्थेच्या नावावर, मासा व्यापाऱ्याच्या काट्यावर




एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मच्छीमारालाही मिळतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. निर्णय चांगलाच आहे. पण सवलत घ्यायची तर आधी कागदोपत्री मच्छीमार असावे लागते, आणि आमच्या शहापूर-मुरबाड भागात धरणात जाळी टाकणारी कित्येक माणसे कुठल्याच कागदावर नाहीत.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातली जवळपास निम्मी, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसाची. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा याच डोंगरपट्ट्यात. मुरबाडच्या अंगाला बारवी. इथले पाणी कोणाला किती, यावर दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. त्याच पाण्यातला मासा कोणाला किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

तानसा अभयारण्यात येतो, तिथले नियम वेगळे. एरवी राज्यातल्या पाटबंधाऱ्याच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, कटला-रोहू-मृगळाची बोटुकली सोडायची आणि सभासदांनी मासे धरायचे, अशी ही रचना. हेतू चांगला, पण रक्कम भरायला आणि बीज सोडायला पैसा लागतो. तो ज्या संस्थेकडे नसतो, तिच्यामागे व्यापारी उभा राहतो. ठेका संस्थेच्या नावावर, हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत!

धरणाच्या काठावर सकाळी सातला जाऊन पाहावे. ट्रकच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून रात्री जाळी लावून आलेला माणूस मासे काढत असतो. वर रस्त्यावर बर्फाच्या पेट्यांचा टेम्पो उभा. काटा टेम्पोवाल्याचा, भाव टेम्पोवाल्याचा. पावसाळ्यात घेतलेली उचल त्यातूनच वळती होते. मरळ किंवा मोठी वाम निघाली तर ती बाजूला, पण दर तोच. हा माणूस बहुधा संस्थेचा सभासदही नसतो. असलाच तर सभा कधी झाली, हे त्याला ठाऊक नसते.

हे हेतुपुरस्सर होते असे मी म्हणत नाही. नियमच त्याला बाहेर ठेवतात. अशा माणसांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सभासद नोंदणी, वार्षिक सभा, ठेक्याची कागदपत्रे यांतले काहीही त्या महिन्यांत आले, की ती यादीतून गळलीच. महाराष्ट्रात केंद्राने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिम जमातींत कातकरी आहेत. नदी-ओढ्यात मासे, खेकडे धरणे हा त्यांचा पिढीजात आधार. त्यांचीच मच्छीमार म्हणून नोंद नसावी, याला काय म्हणायचे?

यावर उत्तर मिळते की सगळ्यांना मोकळे सोडले तर बारीक आसाची जाळी पडतील, पिल्ले मारली जातील, बीज सोडणाऱ्याचा खर्च बुडेल. आक्षेप खरा आहे. वलगणीला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, ओढ्यातून चढणारे गाभोळीचे मासे सरसकट मारले, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? पण म्हणून माणसे कमी करायची, की जाळी? आज मर्यादा माणसांवर आहे. सभासद नसलेल्याला एक जाळे टाकायला मनाई, आणि पैसेवाल्याने रोजंदारीची माणसे लावून कितीही जाळी टाकावीत. धरणाला धोका एका ट्यूबवाल्याचा जास्त, की या जाळ्यांच्या रांगेचा?

हक्क विकता आला की काय होते, हे आइसलंडने पाहिले आहे. तिथे १९८४ मध्ये मासेमारीचे कोटे ठरले, १९९० च्या कायद्याने ते खरेदी-विक्रीला खुले झाले आणि हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही पद्धत भेदभावाची ठरवली. आपल्याकडचा पोटठेका, म्हणजे संस्थेच्या नावावर व्यापाऱ्याने चालवलेला ठेका, त्याच वाटेने जातो. फक्त त्याची कुठे नोंद होत नाही.

दुसरी वाटही आहे. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी आंदोलन करून १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळवला आणि तवा मत्स्य संघाने दहा वर्षे तो चालवून दाखवला. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने ठेका गेला, ती गोष्ट निराळी. पुणे जिल्ह्यात डिंभे धरणावर ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने विस्थापित आदिवासींनी मासेमारी उभी केली. ‘शाश्वत’ला २०१२ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना जाळी सांभाळता येत नाहीत, असे म्हणायला त्यानंतर जागा उरत नाही.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन पंचायतींकडे दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांत माशांचा स्पष्ट उल्लेख आहे. भातसा काही लहान जलसाठा नव्हे, हे मान्य. पण मोठ्या धरणाच्या ठेक्यालाही अटी घालता येतातच. माझ्या मते त्या अशा असाव्यात: धरणग्रस्त आणि प्रत्यक्ष मासे धरणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामसभेने पावसाळ्यात, माणसे गावात असताना करावी. दर कुटुंबाला जाळ्यांची संख्या आणि आस ठरवून द्यावा, कोणालाही त्याहून जास्त नाही. पोटठेका सापडला तर ठेका रद्द व्हावा. तोल काठावर, सर्वांसमोर, संस्थेच्या काट्यावर व्हावा. वलगणीचे दिवस बंद ठेवून एरवी ओढ्यातला गळ आणि पाग ठेक्याबाहेर ठेवावा.

यातल्या एकाही अटीने मुंबईचे पाणी कमी होत नाही, की संस्थेचे बीज बुडत नाही. कमी होईल तो फक्त मधल्या माणसाचा वाटा. पुढचा ठेका देताना या अटी करारात घालायला सरकार तयार नसेल, तर कृषी दर्जाचा लाभ नेमका कोणासाठी आहे, हे तरी त्याने स्पष्ट सांगावे.

आपला,
एक वाचक, शहापूर (जि. ठाणे)