ओवरीला लागलेले कुलूप

दर वर्षी तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या रात्री आपल्या या कारखान्यांच्या नगरीत एक नवल घडते. शाळांचे वर्ग, मंगल कार्यालये, घरांच्या पडव्या, जिथे म्हणून पाठ टेकता येईल ती जागा वारकऱ्यांसाठी मोकळी होते. कोणी कोणाची जात विचारीत नाही की ओळखपत्र मागत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याकडे जाते, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि कुलपे पुन्हा लागतात. गेल्या वर्षी हे पाहताना मनात आले, की बारमाही रस्त्यावर झोपणारा माणूस आपल्याला वारकऱ्यासारखा का वाटत नाही?

हा प्रश्न मला परका नाही. माझे वडील बार्शीकडून कामाच्या शोधात भोसरीस आले तेव्हा पहिल्या अकरा रात्री त्यांनी एका देवळाच्या ओवरीत काढल्या. पहाटे काकड्यापूर्वी उठायचे, एवढीच पुजारीबुवांची अट होती. बाराव्या दिवशी गाववाल्यांच्या खोलीत जागा मिळाली, पुढे काम मिळाले, म्हणून आज मी या महाविद्यालयात शिकत आहे. त्या ओवरीला आता लोखंडी जाळी आहे आणि रात्री नऊला कुलूप लागते. जाळीबाहेरच्या पायरीवर गेल्या हिवाळ्यात एक वृद्ध गृहस्थ झोपत. पॉवर प्रेसवर त्यांची तीन बोटे गेली होती. कंत्राटी काम सुटले, भाडे थकले, खोली गेली. पत्ता नाही म्हणून कोणी कामावर घेईना आणि काम नाही म्हणून खोली मिळेना. होळीनंतर ते दिसले नाहीत. मीही चौकशी केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

बेघरांची जबाबदारी शासनाची आहे, यात वाद नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. मोठ्या शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावले. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2011 मध्येच सतरा लाखांवर होती. म्हणजे किमान सतरा निवारे हवेत. परंतु निवारा म्हणजे घर नव्हे. बोटे गेलेल्या माणसाला छपराबरोबर पत्ता हवा, डॉक्टर हवा, झेपेल असे काम हवे आणि "आज जेवलात का?" असे विचारणारे कोणीतरी हवे. जागा, माणसे आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी धर्मसंस्थांजवळ आहेत.

संत गाडगेबाबांनी हे ओळखले होते. त्यांनी मंदिरे न बांधता धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंची सोय झालीच, पण पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभारली. रुग्णालयाच्या दारातला खेडूतही त्यांना यात्रेकरूच वाटला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपण मात्र गाडगेबाबांची जयंती साजरी करतो आणि ओवरीला कुलूप लावतो.

धर्मशाळेचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा. त्यापुढचे पाऊल पाहायचे तर चाकणहून शिक्रापूरच्या बाजूस वढू बुद्रुकला जावे. 1991 साली नवऱ्याच्या भीतीने आसरा मागणाऱ्या एका गरोदर स्त्रीला सिस्टर लुसी कुरियन यांनी "उद्या ये" असे सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती बोच मनात धरून या ख्रिस्ती जोगिणीने 1997 साली वढू येथे 'माहेर' सुरू केले. पीडित स्त्रिया आणि मुले आली, पुढे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियाही आल्या. राहणे, औषधपाणी, शिक्षण आणि काम एकाच छपराखाली मिळते, आणि सर्व धर्मांना तेथे सारखा मान आहे. नावातच सारे आले. माहेरी आलेल्या लेकीला कोणी तिसऱ्या दिवशी "कधी निघणार?" असे विचारीत नाही.

यावर आक्षेप येतील. फुकट राहू दिले तर लोक आळशी होतील, असे म्हणणाऱ्यांनी पहाटे मजूर अड्ड्यावर उभे राहून पाहावे. दुसरा आक्षेप गंभीर आहे. आसऱ्याच्या आडून धर्मांतर होईल, ही भीती जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून 1893 साली याच कारणाने अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणून नियम स्वच्छ असावा. ज्याला छप्पर दिले त्याला प्रार्थनेची सक्ती नाही, आणि हिशेब सर्वांना खुला.

आपल्या पट्ट्यातील प्रत्येक देवस्थान, मशीद, चर्च, गुरुद्वारा व विहार यांनी निदान दोन खोल्या अशा माणसांसाठी ठेवाव्यात. दोन रात्रींसाठी नव्हे, तर माणूस पायावर उभा राहीपर्यंत. रेशनकार्डाचे अर्ज भरणे, दवाखान्यात सोबत जाणे हे काम आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी करावे. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या सत्रातच आरंभ होईल. नाव नोंदवायला पहिला मी येईन. त्या पायरीवरच्या आजोबांचे नावसुद्धा मी विचारले नव्हते.